उसना आवाज, अबोल लोकधून

'इन फ्लेम्स' या स्वीडिश वाद्यवृंदाच्या १९९४ सालच्या 'लूनर स्ट्रेन' या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर साहित्याच्या अभ्यासकांनी काही लिहावे, हे अनेकांना विचित्र वाटेल. मेलोडिक डेथ मेटल हा प्रकार मुळातच शब्दांचा वैरी मानला जातो. गायक गुरगुरतो, शब्द कानाला लागत नाहीत, मग समीक्षेने तिथे करावे तरी काय? आमचे म्हणणे नेमके उलट आहे. शब्द ऐकू येत नाहीत, म्हणूनच ही कृती वाङ्मयाच्या वर्गात आणण्याजोगी आहे.

थोडी पार्श्वभूमी. स्टॉकहोमच्या डेथ मेटलचा नाद जाड, खरखरीत होता. १९९० चे 'एन्टूम्ड'चे पहिले ध्वनिमुद्रण ऐकले की ते ध्यानात येते. गोथेनबर्गच्या तरुणांनी त्याच आक्रमकतेत चाल आणली. दोन गिटारी एकमेकींना समांतर, थोड्या अंतराने, एकच सुरावट गातात. हे तंत्र 'आयर्न मेडन'सारख्या ब्रिटिश वाद्यवृंदांकडून आलेले. 'ॲट द गेट्स'ची पहिली पूर्ण ध्वनिमुद्रिका १९९२ ची, 'डार्क ट्रँक्विलिटी'ची 'स्कायडान्सर' १९९३ ची आणि मग ही. वर्तुळ इतके लहान होते की, 'स्कायडान्सर'वर गायक आंदेर्स फ्रिदेन आणि गिटारवर मिकाएल स्टाने. तर 'लूनर स्ट्रेन'वर तोच स्टाने पाहुणा गायक. पुढे फ्रिदेन १९९५ मध्ये 'इन फ्लेम्स'चा कायमचा गायक झाला आणि स्टाने स्वतःच्या वाद्यवृंदाचा. म्हणजे दोन्ही घरांचे पहिले शब्द शेजारच्या तोंडून बोलले गेले!

आमच्या वर्गांत भावकवितेतल्या 'मी'ची चर्चा वर्षानुवर्षे चालते. हा 'मी' कवी की कवीने घेतलेले सोंग, हा प्रश्न परीक्षेतही येतो. इथे तो प्रश्न कागदावरून उठून शरीरात शिरतो. गुरगुरीत गायकाची ओळख पुसली जाते. वय, प्रांत, हेल, काही उरत नाही. संस्थापक येस्पर स्ट्रोम्ब्लाड या ध्वनिमुद्रिकेवर गिटारीबरोबर ढोलही वाजवतो, पण आवाज मात्र उसना घेतो. कर्त्याचा स्वतःचा आवाज हेच पहिल्या कृतीचे मूल्य, असे मानणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

आता भाषेकडे. ही मुले इंग्रजीत लिहितात, आणि ती त्यांची मायबोली नाही. चंद्र, तारे, अवकाश, ओकच्या लाकडाचे सिंहासन: शीर्षकांवरूनच शब्दकळेचा अंदाज यावा. ती भारदस्त आहे, कधीकधी केविलवाणीही. कोवळ्या वयात आपणही शब्दकोश उघडून असेच लिहितो. तरी 'स्टारफरसेकन', 'एव्हरलॉस्ट' ही नावे पाहा. तारकांनी टाकलेला, नित्य हरवलेला. दोन शब्द सांधून तिसरा घडवणे हा स्वीडिश भाषेचा रोजचा व्यवहार आहे. परक्या भाषेत लिहितानाही हात घरच्या सवयीने समास घडवत राहतो, असे आम्हांला वाटते. इंग्रजीच्या शुद्धतेवर बोट ठेवणारे हे लक्षात घेत नाहीत.

आणि मग मधेच येते 'होर्गालोतेन'. हे स्वीडिश नाव असलेले एकमेव गीत; गीत तरी कसे म्हणावे, त्यात शब्दच नाहीत. ही हेल्सिंगलांड प्रांतातल्या होर्गा गावची लोकधून. दंतकथा अशी: गावातली तरुण मंडळी नाचत असताना एक अनोळखी माणूस व्हायोलिन घेऊन येतो. त्याचा पाय खुराचा आहे हे कुणाच्या तरी ध्यानात येते, तोवर उशीर झालेला असतो. नाच थांबत नाही. तो सगळ्यांना डोंगरावर नेतो आणि अखेरीस हाडेच नाचत राहतात. (२०१९ च्या 'मिडसोमार' या अमेरिकी चित्रपटाने या गावाचे नाव जगभर नेले, ते असो.) सैतान, मृत्यू, थांबवता न येणारे संगीत! डेथ मेटलला हवे ते सारे स्वतःच्या अंगणात पडलेले होते. या धूनीला स्वीडिश शब्दही आहेत. तरी या मुलांनी धून घेतली आणि शब्द सोडले.

याला कुणी पळवाट म्हणेल. आम्ही म्हणत नाही. जगाशी बोलायचे तर इंग्रजी, हे त्यांनी ठरवून टाकले होते. पण जे घरचे होते त्याचे इंग्रजी करण्याचे धाडस, किंवा निर्लज्जपणा, त्यांनी केला नाही. ती जागा त्यांनी अबोल ठेवली. यान योहान्सन यांनी १९६४ च्या 'याझ पो स्वेन्स्का'मध्ये लोकगीतांच्या चाली केवळ पियानो आणि डबल बेसवर वाजवल्या, तेव्हाही शब्द गळाले होते. तिथे मात्र शांतता होती, इथे आधी आणि नंतर गोंगाट आहे. त्या गोंगाटामुळेच हे मौन जाणवते.

या ध्वनिमुद्रिकेविषयीचे रूढ मत आम्हांला मान्य नाही. १९९६ च्या 'द जेस्टर रेस'ची ही कच्ची तयारी, असे सांगून तिला बाजूला सारतात. आपल्याकडे मर्ढेकरांचा 'शिशिरागम' (१९३९) 'काही कविता'च्या (१९४७) आधीची पायरी म्हणूनच बहुधा वाचला जातो, तशातलाच हा प्रकार. पायरी म्हणून वाचले की, पुढे जे टिकले तेवढेच दिसते. जे सोडून दिले ते दिसत नाही. 'लूनर स्ट्रेन'मध्ये विस्कळीतपणा आहे, हे खरे. व्हायोलिन अचानक येते नि जाते, 'एव्हरलॉस्ट'च्या दुसऱ्या भागात एक स्त्रीस्वर गातो आणि पुन्हा भेटत नाही, काही सांधे तर सरळ उघडे पडले आहेत. पण पुढे सफाई आली, तसा लोकधुनींचा हा उघडावाघडा वावर विरळ होत गेला. सफाईची ही किंमत कुणी मोजत नाही.

२०१० मध्ये स्ट्रोम्ब्लाड 'इन फ्लेम्स'मधून बाहेर पडला. २०२२ मध्ये 'द हेलो इफेक्ट' या नव्या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका आली. गिटारवर तो आहे, आणि गायला पुन्हा मिकाएल स्टाने.