बिऱ्हाड आणि पत्ता

साहित्याचा एखादा विद्यार्थी स्वतःची अनुदिनी सुरू करू म्हणतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ब्लॉगर घ्यावे की वर्डप्रेस? मग मांडणी, रंगसंगती, खर्च यांवर चर्चा रंगते. माझ्या मते हे सारे प्रश्न दुय्यम आहेत. आधी विचारायला हवे ते असे, की उद्या या जागेतून उठायची वेळ आली, तर माझे लेखन आणि त्याचा पत्ता दोन्ही घेऊन मला उठता येईल काय?

ही भीती काल्पनिक नव्हे. अमेरिकेतील जिओसिटीज ही असंख्य हौशी पानांची वसाहत याहूने ऑक्टोबर २००९ मध्ये मोडीत काढली. ती फुकट होती, म्हणून गेली, असे म्हणावे, तर टाइपपॅड ही पैसे घेऊन चालणारी सेवा होती. २००३ साली सुरू झालेली ती सेवाही ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद झाली. म्हणजे पैसे मोजले तरी शाश्वती मिळतेच असे नाही.

वर्डप्रेसचे समर्थक म्हणतील, ही प्रणाली मुक्त परवान्याची आहे, ती कोणत्याही सर्व्हरवर बसवता येते. हे खरेच; इतके स्वातंत्र्य अन्यत्र क्वचित मिळेल. परंतु त्यासोबत सर्व्हरचे भाडे, सततची अद्ययावतीकरणे आणि घुसखोरांवरचा पहाराही येतो. ज्याला केवळ लिहायचे आहे, त्याने हा संसार का मांडावा? गूगलच्या मालकीचे ब्लॉगर विनामूल्य आहे, त्यावरील सर्व लेख एका फाइलीत उतरवून घेता येतात आणि त्याला स्वतःचे डोमेन जोडता येते. म्हणून माझा कौल ब्लॉगरला, मात्र स्वतःच्या डोमेनसह.

डोमेनचा आग्रह मिरवण्यासाठी नाही. समीक्षा संदर्भांवर उभी असते. कुणी प्रबंधात आपल्या लेखाचा दुवा दिला आणि आपण जागा बदलली, तर तो दुवा निर्जीव होतो. नाव स्वतःचे असेल आणि पानांची घडण जुनीच ठेवली, तर बिऱ्हाड हलले तरी पत्ता टिकतो.

येथे एक कबुली द्यायला हवी. डोमेनही शेवटी भाड्याचेच. माझे एक ज्येष्ठ सहकारी गेले आणि वर्षभरात त्यांच्या डोमेनची मुदत संपली. घरच्यांना ना पासवर्ड ठाऊक होता, ना भाडे कुठे भरायचे ते. जुना विनामूल्य पत्ता उघडावा, तर तो त्या बंद डोमेनकडेच बोट दाखवी. स्वतःचे नाव घेतले नसते तर त्यांचे निबंध आज कदाचित वाचता आले असते, हा विचार मला अजूनही छळतो.

तरीही मी मत बदललेले नाही; त्याला एक पुरवणी जोडली आहे. दर सहा महिन्यांनी सर्व लेखांची युनिकोडमधील साधी प्रत काढावी. युनिकोडपूर्व फाँटांतला मजकूर फाइल शाबूत असूनही वाचता येत नाही, हे आपण अनुभवले आहे. ती प्रत, पासवर्ड आणि भाडे भरण्याची तारीख एखाद्या विश्वासू माणसाकडे द्यावी. जागा कोणतीही निवडा. आपल्यानंतर तिचे भाडे कोण भरणार, हे ठरवल्याखेरीज ती निवड पुरी झाली असे समजू नये.