आधी पाण्याचा हिशेब, मग प्लॉट

गावाच्या कडेची शेती मोडून तिथे प्लॉट पडू लागले की गाव सुधारू लागले, असा समज मराठवाड्यातील लहान शहरांत रूढ झाला आहे. धारूरही त्याला अपवाद नाही. दगडी खुणा रोवल्या जातात, मुरमाचे रस्ते आखले जातात, रंगीत नकाशे छापले जातात. त्या नकाशात उद्यान असते, मंदिराची जागा असते. पाणी कोठून येणार आणि सांडपाणी कोठे जाणार, हे मात्र नसते. नेमका हाच प्रश्न नगरपरिषदेने परवानगीपूर्वी विचारावा, आणि तो विचारण्यास नागरिकांनी तिला भाग पाडावे, अशी वेळ आता आली आहे.

धारूर बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेले आहे. इथला खडक काळा बसाल्ट. या खडकात पाणी राहते ते वरच्या मुरमाड थरात आणि खालच्या फटींत. डोंगराचा उतार, त्यावरील झुडपे व सीताफळाची झाडे, उतारावरून निघणारे ओढे, यांच्या मेहेरबानीवर खालच्या विहिरी जगतात. उतार कापला, ओढा बुजवला, मुरूम उचलून नेला, तर विहीर आटते. आणि ती ज्याची आटते त्याचा त्या व्यवहाराशी काडीचा संबंध नसतो. १५६७ साली आदिलशाही सरदार किश्वरखानाने येथे किल्ला उभारला. किल्ला बांधणारा जागा पाहताना पाणी पाहत असे. आजच्या रेखांकनात ती दृष्टीही उरलेली नाही.

साधा हिशेब मांडून पाहावा. चारशे प्लॉटांची वसाहत आणि घरटी पाच माणसे धरली, तर दोन हजार लोकवस्ती होते. भुयारी गटार नसलेल्या नळयोजनेसाठी दरडोई ७० लिटरचे मानक आहे. म्हणजे रोज १ लाख ४० हजार लिटर पाणी; दहा हजार लिटरचे चौदा टँकर. त्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडणार. हे पाणी कोणत्या धरणातून, कोणाच्या वाट्यातून येणार? आणि ते सांडपाणी कोणाच्या विहिरीशेजारच्या ओढ्यात जाणार? एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे विसरण्याइतका काळ लोटलेला नाही. धारूरच्या डोंगरावर तर रेल्वेही येत नाही.

कायदा याबाबत काय म्हणतो? १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर वा त्याहून अधिक बांधकामाला पर्यावरणीय परवानगी लागते. वसाहतीच्या क्षेत्राची मर्यादा ५० हेक्टर आहे. धारूरसारख्या गावी दहा एकरांची, म्हणजे चार हेक्टरांची वसाहत पडते. अशा दहा वसाहती एकमेकींना खेटून पडल्या तरी क्षेत्र ४० हेक्टरच भरते. शिवाय प्लॉट विकणारा बांधकाम करीत नाही. ते पुढे एकेक घरमालक करतो. परिणामी सारा डोंगरउतार बदलून जातो आणि कायद्याच्या दृष्टीने तपासण्यासारखे काहीच घडलेले नसते. मोठ्या बांधकाम प्रकल्पांनाही या अधिसूचनेने जनसुनावणीतून वगळले आहे. २०१४ पासून महसूल संहितेत झालेल्या सुधारणांनी विकास आराखड्यातील जमिनीसाठी स्वतंत्र बिनशेती परवानगीचा टप्पाही बव्हंशी काढून टाकला.

तपासणी मागाहून करू, या वृत्तीचे फळ महाराष्ट्राने लवासात पाहिले. पुणे जिल्ह्यातील मोसे खोऱ्यातील अठरा गावांचे क्षेत्र राज्य शासनाने २००१ साली गिरिस्थान म्हणून अधिसूचित केले. केंद्राची परवानगी नसल्याबद्दल मंत्रालयाची नोटीस निघाली ती नोव्हेंबर २०१० मध्ये. तोवर डोंगर कापले गेले होते, इमारती उभ्या राहिल्या होत्या. वर्षभराने, २०११ च्या नोव्हेंबरमध्ये, अटींसह परवानगी मिळाली. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कापलेला डोंगर मात्र परत आला नाही. अशी पश्चात परवानगी देण्याची वाट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये बंद केली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोन विरुद्ध एक अशा मताने तो निर्णय मागे घेण्यात आला. म्हणूनच आधी विचारण्याची जबाबदारी आता स्थानिक जनतेवर अधिक आली आहे.

पर्यावरण म्हणजे झाडे आणि पाखरे, असे मानून हा प्रश्न सुखवस्तूंचा ठरवण्याची चूक आपल्या चळवळीतही झाली आहे. न्यूयॉर्क शहरात १९७७ पासून महापालिकेच्या स्तरावर प्रकल्पांची पर्यावरणीय तपासणी होते. तेथील चिनी वस्तीत श्रीमंतांसाठी एक उंच इमारत बांधण्याचे घाटत असता कामगारांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली. १९८६ साली तेथील सर्वोच्च राज्य न्यायालयाने निर्णय दिला की, प्रकल्पामुळे गरीब रहिवासी व लहान धंदेवाले हुसकले जातील काय, हेही पर्यावरणाच्या तपासणीत पाहिलेच पाहिजे. श्रमिकांनी मिळवलेला हा अर्थ आपणही आपलासा केला पाहिजे.

धारूर तालुक्यातून दरवर्षी हजारो ऊसतोड मजूर कारखान्यांकडे जातात. सहा महिने कोयता चालवून, उचल फेडून हाती उरलेल्या पैशात एखादा गुंठा घेण्याचे स्वप्न त्यातले अनेक जण पाहतात. त्यांच्या वाट्याला स्वस्तातला, म्हणजे ओढ्याकाठचा, नळ न पोहोचणारा तुकडा येतो. विकणारा नफा घेऊन मोकळा होतो. रस्ता, गटार आणि टँकर यांचा खर्च पुढे खरेदीदाराच्या व नगरपरिषदेच्या माथी पडतो. तपासणीमुळे प्लॉट महागतील, असा आक्षेप घेतला जातो. वस्तुतः तो खर्च आजही आहे. तो फक्त विक्रीच्या किमतीत दिसत नाही. तो आधी दिसावा आणि नफा घेणाऱ्याने सोसावा, एवढीच मागणी आहे.

ही मागणी घटनेला धरून आहे. ७४ व्या दुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगररचना, जमीन वापराचे नियमन आणि पर्यावरणाचे संरक्षण हे विषय नगरपालिकांच्या कक्षेत ठेवले आहेत. तेव्हा नगरपरिषदेने ठराव करावा की, कोणत्याही रेखांकनाची शिफारस करण्यापूर्वी पाण्याचा स्रोत, सांडपाण्याची व्यवस्था, ओढ्यांचे मूळ प्रवाह, उताराची कापणी आणि आसपासच्या विहिरी यांची पाहणी होईल. लगतच्या सर्व वसाहतींचा एकत्रित विचार होईल. आणि अहवाल मराठीत लावून वॉर्डसभेत वाचला जाईल. अशा ठरावाने केंद्राचा वा राज्याचा कायदा बदलत नाही, हे खरे. परंतु लेखी विचारलेल्या प्रश्नाला लेखी उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर उद्या न्यायालयातही उपयोगी पडते.

कार्यकर्त्यांनी ठरावाची वाट पाहत बसू नये. १९६६ च्या नगररचना अधिनियमाप्रमाणे विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होताच मुदतीत हरकती नोंदवता येतात. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने मंजूर रेखांकने पाहता येतात. जुन्या महसुली नकाशावरील ओढे नव्या नकाशात आहेत की नाहीत, एवढे ताडून पाहिले तरी अर्धे काम होईल. हे काम ऊसतोड मजूर दसऱ्यानंतर गाव सोडण्यापूर्वी, त्यांना बरोबर घेऊन झाले पाहिजे. परवानग्या त्यांच्या गैरहजेरीत होतात आणि पाणी त्यांच्याच दारात तुटते.