विनामूल्य ज्ञान कोणाच्या पदरी पडते?

राजशेखराने सुमारे हजार वर्षांपूर्वी रचलेल्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात झाल्याचे सांगितले आहे. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. तिचा संस्थापक सर्वसेन हा प्राकृत कवी होता. त्याच शाखेतील हरिषेणाच्या मंत्र्याने, वराहदेवाने, अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. कारंज्याच्या जैन ग्रंथभांडारांनी अपभ्रंश पोथ्या शतकानुशतके जपल्या आणि १९३०च्या दशकात डॉ. हीरालाल जैन यांच्या प्रयत्नांनी त्या छापून जगापुढे आल्या. अशा या जिल्ह्याची गणना केंद्र सरकारने २०१८ साली ‘आकांक्षित’, म्हणजे सरळ भाषेत मागासलेल्या, जिल्ह्यांत केली.

हा दुरावा इंटरनेटवरील विनामूल्य शिक्षणाने मिटेल, अशी आशा दाखविली जाते. ती अगदीच निराधार नाही. २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या सरकारी मंचावर इतिहास, साहित्य आणि तत्त्वज्ञान यांची विद्यापीठीय व्याख्याने कोणालाही फुकट ऐकता येतात. मराठी विश्वकोश, साहित्य आणि संस्कृती मंडळाचे ग्रंथ, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड घरबसल्या वाचता येतात. शेतकऱ्याच्या घामातून उभा राहिलेला महसूल वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, हे गाऱ्हाणे महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडले होते. त्या दृष्टीने ज्ञानाच्या दारावरील जकात उठणे हे स्वागतार्हच होय.

तथापि जकात उठली म्हणजे वाट सुकर झाली, असे नव्हे. ‘स्वयम्’वरील बहुतेक अध्यापन इंग्रजीत चालते आणि प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क पडते. वा. वि. मिराशी यांनी १९६३ साली सिद्ध केलेला वाकाटक लेखांचा संग्रह आज संगणकावर उपलब्ध आहे. पण तोही इंग्रजीत. म्हणजे वाशिमच्या मुलाला स्वतःच्या गावाचा इतिहास परक्या भाषेची पायरी चढूनच गाठावा लागतो. सोयाबीनच्या सोंगणीवरून संध्याकाळी परतणाऱ्या मुलीला निवांत जागा नसते आणि घरातला एकुलता मोबाईल बहुधा भावाच्या हाती असतो. शिवाय तत्त्वज्ञान नुसते ऐकून कळत नाही. शंका विचारावी लागते, वाद घालावा लागतो, आपले मत मोडून पुन्हा बांधावे लागते. त्यासाठी समोर माणूस हवा.

नेमका हा माणूसच वगळण्याचा मोह राज्यकर्त्यांना होऊ शकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून पुरे करण्यास महाविद्यालये मुभा देऊ शकतात. मुंबई-पुण्यातील विद्यार्थ्याला ही जोड ठरेल. मानोरा-रिसोडकडे मात्र तिचेच निमित्त करून इतिहासाच्या प्राध्यापकाची जागा रिकामी ठेवली जाणार नाही, याची हमी कोण देणार? ज्यांना सर्व काही आहे त्यांना अधिक आणि ज्यांना काही नाही त्यांना केवळ पडदा, ही विषमतेचीच नवी तऱ्हा होईल.

उपाय फार दूरचा नाही. १९६७च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांची रचना उभी केली. त्याच गावोगावच्या ग्रंथालयांना संगणक, वीज, रात्री उघडी राहणारी खोली आणि पुरेसे अनुदान द्यावे. आठवड्यातून एकदा तेथे अभ्यासमंडळ भरावे. व्याख्यान सर्वांनी मिळून ऐकावे आणि जवळच्या महाविद्यालयातील प्राध्यापकाने चर्चा चालवावी. अमरावती विद्यापीठाने या विषयांची व्याख्याने मराठीत सिद्ध करावीत आणि वत्सगुल्म व कारंजा यांपासून आरंभ करावा. परीक्षेचे शुल्क शासनाने भरावे.

शेतमजुराच्या मुलीला तत्त्वज्ञान कशाला, असे विचारणारे आजही आढळतात. आपल्या दारिद्र्याची कारणे इतिहासात शोधण्याचा आणि त्यांच्यावर विचारपूर्वक घाव घालण्याचा अधिकार तिला नको, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ असतो. विनामूल्य ज्ञान हे दान नसून तिचा हक्क आहे. आणि हक्क तिच्या गावापर्यंत, तिच्या भाषेत पोचविणे हे शासनाचे कर्तव्य आहे.