आमच्या शजऱ्यात बायका नव्हत्या

२०२४ च्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीला दिवस गेले. तिसरा महिना लागला होता. पुण्यात डॉक्टरांकडे नाव नोंदवायला मी सोबत गेलो होतो. फाइल तयार करताना डॉक्टरांनी विचारलं, "आईला किंवा बहिणीला गरोदरपणात बीपीचा त्रास होता का?" बहीण म्हणाली, नाही. मीही मान हलवली. आम्हाला दोघांनाही काही माहीत नव्हतं, पण 'माहीत नाही' असं सांगण्यापेक्षा 'नाही' सांगणं सोपं असतं.

रात्री गावी अम्मीला फोन केला तेव्हा सहज हे सांगितलं. ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मेरेकू हुआ था ना. तू होने के पहले."

मी चौतीस वर्षांचा आहे. माझ्या आधी अम्मीला एक बाळ झालं होतं, ते मृत जन्मलं, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. १९८४ ची गोष्ट. अम्मी एकोणीस वर्षांची. पाय सुजलेले, डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढे अंधारी यायची. घरातल्या मोठ्या बायका म्हणाल्या, पहिलटकरणीला असं होतंच. आठव्या महिन्यात बैलगाडीने, मग एसटीने तालुक्याच्या दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. हे सांगून झाल्यावर ती आणखी एक वाक्य बोलली. नानीची मोठी बहीण नवव्या महिन्यात झटके येऊन गेली होती. गावाने ठरवलं होतं की तिला बाहेरचं काहीतरी झालं. ताईत बांधले, पाणी फुंकून पाजलं.

इतक्या वर्षांनी कुणाच्या आजाराचं निदान मी करणार नाही, तो माझा विषय नाही. पण गरोदरपणात वाढलेलं बीपी अंगावर काढलं तर झटके येऊ शकतात आणि आईला हा त्रास झाला असेल तर मुलीला धोका जास्त असतो, हे डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी आम्हाला नीट समजावलं. फाइलवर लाल पेनाने नोंद केली, रोज रात्री घ्यायची एक छोटी गोळी सुरू केली आणि घरी बीपी मोजायचं मशीन आणायला सांगितलं.

आणि इकडे माझ्या कपाटात आमच्या खानदानाचा शजरा होता. सात पिढ्यांचा. माझ्या दादाच्या भावाने उर्दूत लिहिलेला, मी एक्सेलमध्ये उतरवलेला. त्यात एकेचाळीस नावं आहेत आणि एकेचाळीसही पुरुषांची. आम्ही सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले तांबोळी. हा शजरा मला तोंडपाठ आहे, कारण भावंडांच्या जातीच्या दाखल्यांसाठी धावपळ मीच केली. ओबीसीचा दाखला हवा तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. बाप, दादा, पडदादा, त्यांचे शाळा सोडल्याचे दाखले. माझ्या बहिणीचा दाखलासुद्धा बापाच्याच बाजूने निघाला. या सगळ्या कागदांत अम्मीची गरज कुठेच पडली नाही. म्हणून तिला कुणी काही विचारलंही नाही.

त्या रात्रीनंतर मी दुसरी फाइल उघडली. यात फक्त बायका. रकाने चारच: नाव, कुणाची कोण, किती वर्षं जगली, कशाने गेली.

सुरुवात फुप्पीपासून केली. ती आता सत्त्याहत्तर वर्षांची आहे आणि तिची आठवण आमच्या कुठल्याही सर्व्हरपेक्षा भरवशाची आहे. पहिला प्रश्न विचारताच ती हसली, "औरतां के नामां कौन लिखता रे?" मग तासभर बोलत राहिली. सन कुणालाच सांगता येत नाही. पण 'कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती ओली बाळंतीण होती' म्हटलं की मला डिसेंबर १९६७ मिळतो. 'बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची' म्हटलं की त्या वेळी ती धडधाकट होती हे कळतं. तुम्हीही आजीला सन विचारू नका, घटना विचारा.

आमच्या घरात एक गोष्ट अभिमानाने सांगितली जाते: आपल्या बायका काटक, नव्वदी गाठतात. दाखला म्हणून बडी दादीचं नाव घेतात. ती माझ्या दादाची आई, म्हणजे माझी पणजी. १९८९ मध्ये गेली, वय पंच्याऐंशीच्या पुढे, शेवटपर्यंत पानाच्या गाद्या स्वतः बघायची. आता अडचण अशी झाली. दादाच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल १९१६ आहे. आणि फुप्पी सांगत होती की बडी दादीचा निकाह मानमोडीच्या नंतरच्या साली झाला. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. निकाह १९१९ चा आणि मुलगा १९१६ चा? आमच्या धंद्यात अशा दोन नोंदी जुळल्या नाहीत की माणूस झोपत नाही. फुप्पी म्हणाली, शाळेत मास्तरांनी तारीख चुकीची टाकली असेल. तसंही होतं खरं, जुन्या दाखल्यांवर निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा असतो.

मग मी तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक बघायला गेलो. जन्म-मृत्यूची ही गावपातळीवरची जुनी नोंदवही, गाव नमुना नंबर १४. तीन खेपा झाल्या. पानं मोडीत, म्हणून मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांना सोबत नेलं. १९१८ च्या ऑक्टोबरची पानं त्यांनी वाचायला घेतली आणि थोड्या वेळाने त्यांचा आवाज खाली गेला. त्या एका महिन्यात आमच्या एवढ्याशा गावात पानंच्या पानं भरलेली. ताप, ताप, ताप. त्यात एक ओळ आमच्या घरची होती: माझ्या पडदादाचं नाव, पुढे 'याची बायको', वय बावीस, कारण ताप.

माझी पणजी बावीस वर्षं जगली होती. पंच्याऐंशी नाही. दोन वर्षांचं पोर मागे ठेवून ती गेली आणि वर्षाच्या आत दुसरा निकाह झाला. दुसरीने त्या पोराला इतकं आपलं केलं की सावत्र हा शब्दच घरातून पुसला गेला. बडी दादीच्या प्रेमाला यात कुठे कमीपणा नाही, उलट मला तिच्याबद्दल आता जास्तच वाटतं. पण शजऱ्यात बाप ते मुलगा अशी सरळ रेघ असल्यामुळे मधली आई बदलली तरी रेघेला काही फरक पडत नाही. पडदादाच्या खाली दादाचं नाव आहे तसंच आहे. एक अख्खी बाई शंभर वर्षं गहाळ होती आणि कागद पूर्ण दिसत होता.

'आपल्या बायका नव्वदी गाठतात' हे खोटं नव्हतं, पण ते जगलेल्यांकडे बघून बोललेलं होतं. ज्या लवकर गेल्या त्यांना आठवणारी पोरंच उरली नाहीत, किंवा उरली ती इतकी लहान की त्यांना काही आठवत नव्हतं. आज माझ्या फाइलमध्ये दोन्ही बाजूंच्या मिळून सतरा मयत बायकांचं वय अंदाजाने लागलं आहे. सतरापैकी सहाजणी पस्तिशी गाठू शकल्या नाहीत. तिघी पस्तीस ते साठच्या दरम्यान गेल्या. आठजणी सत्तरीपार, त्यात चौघी पंच्याऐंशीच्या पुढे. म्हणजे बाळंतपणाची वर्षं पार पडली की आमच्या बायका खरोखर काटक. ती वर्षं पार पडायला हवीत एवढंच.

ही फक्त आमच्या घरची कहाणी नाही. १९४१ ते १९५० या काळात भारतातल्या बाईचं सरासरी आयुर्मान ३१.६६ वर्षं होतं, पुरुषाचं ३२.४५. या सरासरीत तान्ह्या बाळांचे मृत्यू धरलेले असतात, म्हणून ती इतकी खाली दिसते; तरीही बाई पुरुषाच्या मागे होती हे लक्षात घ्या. जगात बहुतेक ठिकाणी बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात. आपल्या देशात हे चित्र यायला १९८० चं दशक उजाडावं लागलं. १९१८ च्या साथीतही भारतात पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. आजाऱ्यांची उठबस करणाऱ्या त्याच आणि उरलंसुरलं खाणाऱ्याही त्याच.

आता मला इथे थोडं भांडायचं आहे. वंशावळ हा विषय आपल्या पोरांमध्ये सध्या जोरात आहे. कुणी आपली मुळं अरबस्तानात शोधतं, कुणी इराणात. दुसरीकडून टोमणे येतात, तुम्ही बाहेरचे किंवा तुम्ही बाटलेले. दोन्हीकडचे लोक वाद घालतात तो बापाच्या बापाच्या बापाबद्दल. माझ्या फाइलमधल्या ज्या बायकांचं माहेर लागलं ते सगळं बैलगाडीच्या एका दिवसाच्या अंतरात आहे. कुणी कडेगावकडची, कुणी तासगावची, कुणी माणदेशातली. माझ्या अंगातला निम्मा वारसा या बायकांचा आहे. पेशीतला मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए तर आईकडूनच येतो; तो मला मिळाला, पण माझ्याकडून पुढे जाणार नाही, माझ्या बहिणीकडून जाईल. असं असताना निम्म्या पूर्वजांना वगळून केलेल्या शोधाला आपण खानदानाचा इतिहास म्हणतो.

'आपल्यात बायकांची नावं बाहेर काढत नाहीत' हे मला तीन नातेवाइकांनी ऐकवलं. कुठल्या आपल्यात? कुराणात ईसांची ओळख मरियमचे पुत्र म्हणून आहे. सय्यद घराणी ज्या वंशाचा मान सांगतात तो रसूलच्या मुलीकडून, फातिमांकडून चालतो. हदीस शिकवणाऱ्या स्त्रियांची चरित्रं अक्रम नदवी यांनी गोळा केली, त्याचे त्रेचाळीस खंड झाले. इतकी नावं लिहून ठेवणारी परंपरा आपली आणि पणजीचं नाव विचारलं की लाज वाटणारेही आपणच.

कागदात बायका अगदीच नव्हत्या असंही नाही. काझीसाहेबांच्या निकाहच्या रजिस्टरात नवरीचं नाव, तिच्या बापाचं नाव आणि मेहर सापडतो. दुसरी जागा मात्र मला अस्वस्थ करून गेली. आमच्या अडीच एकर जिराईत जमिनीचे जुने फेरफार काढले. १९५७ च्या वारस नोंदीत दादाच्या तीन बहिणींची नावं सापडली, वयासकट, स्वच्छ अक्षरात. मला इतका आनंद झाला की मी तिथेच फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. पुढचं पान उलटलं तर हक्कसोड. तिघींचे अंगठे. कुराणाने मुलीला दिलेल्या वाट्याबद्दल आपण व्यासपीठावरून बोलतो. आमच्या घरात बायकांचं नाव सरकारी कागदावर चढलं ते तो वाटा सोडून देण्यासाठी. त्या तिघींपैकी एक चार वर्षांनी क्षयाने गेली, वय एकतीस. तिच्या वाट्याचे पैसे तिच्या हातात असते तर ती मिरजेला उपचाराला जाऊ शकली असती का, हा प्रश्न मी अब्बांना विचारला. ते उठून अंगणात गेले.

तेव्हापासून आता खूप बदललं, हेही खरं. भारतात १९९७-९८ मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे ३९८ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ९७ वर आला, महाराष्ट्रात ३३ वर. दवाखान्यात होणारी बाळंतपणं, रक्ताची सोय, १०८ ची गाडी, आशाताईंच्या फेऱ्या, यातून हे झालं, काटकपणातून नाही. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या मुलींपैकी २१.९ टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं आणि पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी होतं. हे आकडे सगळ्या समाजांचे मिळून आहेत, फक्त आपले नाहीत. तरी माझ्या चुलत बहिणीचं लग्न सतराव्या वर्षी ठरलं तेव्हा मांडवात मीही जेवलो होतो.

तेव्हा तुमच्या घरात सत्तरीच्या पुढची जी बाई असेल, तिच्याकडे या आठवड्यात बसा. मोबाइलवर रेकॉर्डिंग करा, पण आधी तिला विचारून. नावं विचारा, माहेर विचारा, कितवं बाळंतपण आणि किती जगले ते विचारा. कशाने गेली याचं उत्तर 'अल्लाह की मर्जी' असं आलं तर तिथेच थांबू नका. ताप होता का, सूज होती का, खोकला किती दिवस होता, हे हळू हळू विचारा. पुरुषांना त्या खोलीतून बाहेर पाठवा, गरज पडली तर स्वतःही बाहेर जा आणि बहिणीला बसवा. माझं निम्मं काम माझ्या बहिणीनेच केलं, सातव्या महिन्यात, पाय उशीवर ठेवून.

बावीस वर्षांच्या त्या पणजीचं नाव शेवटी फुप्पीच्या नणंदेकडून लागलं, ती तिच्या माहेरच्या गावची निघाली. ते नाव इथे लिहीत नाही. फुप्पीने बजावलं आहे की घरच्या वहीत लिही, इंटरनेटवर नको. तिच्याशी माझा वाद चालू आहे.

नोव्हेंबरमध्ये बहिणीला मुलगी झाली. शेवटच्या पंधरा दिवसांत बीपी चढलंच, पण मशीन घरात होतं, डॉक्टर तयारीत होते, दोघीही सुखरूप आहेत. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव बापाच्या आधी लागतं, त्यामुळे भाचीच्या दाखल्यांत बहिणीला कुणाला शोधत बसावं लागणार नाही.

बाळंतपणासाठी अम्मी पुण्यात आली होती. एका रात्री नात मांडीवर झोपलेली असताना तिने विचारलं, तुझ्या त्या फाइलमध्ये माझं पहिलं धरलंस का? मी म्हणालो, नाही, ती बायकांची यादी आहे. ती म्हणाली, "लडकीच थी." तिने तिचं नावही मनात ठरवून ठेवलेलं होतं, कुणाला न सांगता. मी लॅपटॉप उघडला आणि अठरावी ओळ घातली. वयाच्या रकान्यात काय लिहू, विचारलं. अम्मी म्हणाली, आठ महिने लिही.