कॅमेरा घेण्याआधी फॉर्मॅट विचारा

लग्नसराईच्या तोंडावर कॅमेऱ्याच्या दुकानांत गर्दी होते. आमच्या समाजातील बरेच तरुण व्हिडिओ शूटिंगच्या धंद्यात आहेत आणि दर वर्षी नवे येतच असतात. त्यांतले बहुतेक जण दुकानदाराला पहिला प्रश्न विचारतात, ‘फोर-के आहे का?’ आता काही जण ‘एट-के’ही विचारू लागले आहेत. आमचे स्पष्ट मत असे की, हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी विचारायचे ते हे : हा कॅमेरा कार्डावर काय लिहितो, तासाला किती लिहितो, आणि ते लिहिलेले आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर नीट उघडते का?

कॅमेरा म्हणजे एका खोक्यातली दोन यंत्रे. एक पाहणारे, दुसरे लिहून ठेवणारे. दुकानात आपण पहिल्यावर भाळतो, पण धंद्याचा नफा-तोटा दुसऱ्यावर ठरतो.

जुन्या व्यावसायिकांना हे सांगावे लागणार नाही. सोनीचे बीटामॅक्स १९७५ मध्ये आले, जेव्हीसीचे व्हीएचएस १९७६ मध्ये. चित्र बीटाचे उजवे मानले जाई, तरी घरोघर गेले ते व्हीएचएस, आणि म्हणून लग्नाचे शूटिंगही व्हीएचएसवरच झाले. टीव्हीवाले बीटाकॅम एसपी वापरत. त्याचे चित्र कितीतरी सरस, पण ती कॅसेट गिऱ्हाईक कोणत्या मशिनात घालणार? कोकणातून कुवेत-दुबईला गेलेल्या बापाला मुलीच्या निकाहची कॅसेट पाठवली तर ती तिथे चालायची, कारण तिकडेही पालच होते. तीच कॅसेट अमेरिकेतल्या मामूकडे गेली की पडद्यावर नुसत्या रेघा, कारण तिथे एनटीएससी. फॉर्मॅट निवडतो तो पाहणारा, कॅमेरेवाला नव्हे. हा नियम तेव्हाही होता, आजही आहे.

पुढे १९९५ मध्ये डीव्ही आले. तासाभराच्या कॅसेटमध्ये सुमारे १३ गिगाबाइट, आणि कॉपी केली तरी चित्र खराब होत नाही ही त्यातली मोठी सोय. २००८ मध्ये कॅननच्या फाइव्ह-डी मार्क टू या फोटोच्या कॅमेऱ्याने फुल एचडी व्हिडिओ घेतला आणि फोटोवाला व व्हिडिओवाला हे दोन वेगळे धंदे पुष्कळ ठिकाणी एक झाले.

आता हिशेब मांडू. आजचा साधारण फोर-के कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट या दराने लिहीत असेल, तर एका तासाला ४५ गिगाबाइट जागा लागते. मेहंदी, निकाह आणि वलीमा मिळून दोन कॅमेऱ्यांचे आठ-आठ तास धरले, तर एका लग्नाचे ७२० गिगाबाइट झाले. शहाणा माणूस दोन प्रती ठेवतो, म्हणजे जवळजवळ दीड टेराबाइट. हंगामात वीस लग्ने केली तर सुमारे २९ टेराबाइटच्या हार्ड डिस्क लागतील. हेच शूटिंग कोणी हौसेने प्रोरेस ४२२ एचक्यू या जड फॉर्मॅटमध्ये फोर-केवर घेतले, तर तासाला ३३० गिगाबाइटच्या आसपास जातात आणि एकाच लग्नाची एकच प्रत पाच टेराबाइटच्या वर जाते. जाहिरातीचे काम करणाऱ्याला ते परवडते, कारण तिथे शूटिंग थोडे आणि पैसे जास्त. लग्नवाल्याने तो खर्च बिलात कुठे दाखवायचा?

मग लहान फाइल देणारा एच-२६५ घ्यावा, असे वाटेल. इथेही सावध राहावे. व्यापाऱ्याला वहीच्या भाषेत सांगतो. एक मुनीम रोज संपूर्ण शिल्लक नव्याने लिहितो. वही जाड होते, पण कोणतेही पान उघडा, आकडा समोर. दुसरा मुनीम महिन्यातून एकदा शिल्लक लिहितो आणि मधल्या दिवशी फक्त झालेला फरक. वही बारीक राहते, पण २३ तारखेची शिल्लक हवी तर मागची सगळी पाने बेरीज करीत यावे लागते. पहिल्या पद्धतीला ऑल-इंट्रा म्हणतात, दुसरीला लाँग-जीओपी. एच-२६५ बहुधा दुसऱ्या मुनिमासारखा असतो, आणि जुन्या कॉम्प्युटरवर एडिटिंग करताना तो बेरजेतच दमून जातो. कॅमेऱ्यासाठी कर्ज, मग कॉम्प्युटरसाठी दुसरे कर्ज, हे चक्र इथून सुरू होते. दुकानातून नमुन्याची फाइल पेनड्राइव्हवर घ्या, घरी उघडून पाहा, मगच पैसे मोजा.

आम्हाला विचाराल तर एट-केपेक्षा दहा बिटवर पैसे घालावेत. आठ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा, दहा बिटमध्ये १०२४. हॉलमध्ये पिवळे बल्ब, पांढऱ्या ट्यूब आणि स्टेजचे जांभळे एलईडी एकाच वेळी असतात. नंतर रंग सुधारायचा तर या जास्तीच्या छटा कामी येतात. नाही तर नवरीच्या मागच्या पडद्यावर रंगाचे पट्टे उमटतात.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ फ्रेम आणि ५०चा शटर ठेवावा. बिलाशिवाय बाहेरून आलेला कॅमेरा पुष्कळदा एनटीएससीवर लावलेला असतो आणि ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकते. मेनूत बदल होतो, पण वॉरंटी मात्र मेनूतून मिळत नाही. कार्डाचेही तसेच. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, त्याला व्ही-३० चे कार्ड पुरून उरते. महागडे व्ही-९० घेण्यापेक्षा खात्रीच्या दुकानातून दोन व्ही-३० घ्यावीत आणि दोन कार्डांवर एकदम लिहिणारा कॅमेरा पाहावा. निकाहचे ‘कबूल’ कॅमेरेवाल्यासाठी पुन्हा म्हणवून घेता येत नाही. काजीसाहेबांचा आवाज तर कॅमेऱ्याच्या माइकवर कधीच सोडू नये. वेगळा कॉलर माइक लावावा.

बायकांच्या बाजूच्या शूटिंगला स्त्री कॅमेरेवाली मागणारी घरे पुष्कळ आहेत, आणि अशा मुली शोधूनही मिळत नाहीत. घरात शिकलेली बहीण असेल तर तिच्या हातात कॅमेरा द्यावा. मात्र तिने घेतलेले शूटिंग एडिटिंगसाठी बाहेरच्या माणसाकडे जाणार असेल, तर ते गिऱ्हाइकाला आधी सांगावे. या एका गोष्टीवरून घराणी तुटलेली आम्ही पाहिली आहेत.

आणखी एक काम दुर्लक्षित आहे. सोनीने बीटामॅक्सच्या कॅसेट २०१६ मध्ये बंद केल्या, त्याच वर्षी जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणे थांबवले. आपल्या कपाटांत मात्र ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या लग्नांच्या कॅसेट पडून आहेत, त्यांत आज हयात नसलेली माणसे बोलत आहेत. व्हीसीआरचे हेड साफ करता येणारा, बेल्ट बदलता येणारा कारागीर अजून आपल्यात आहे. त्याने हे काम हाती घ्यावे. कोकणच्या दमट हवेत टेपवर पांढरी बुरशी येते. अशी कॅसेट तशीच मशिनात घालू नये. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटवर जाते. आधी टेप उघडून स्वच्छ करावी, त्याचे वेगळे पैसे घ्यावेत, आणि मूळ कॅसेट गिऱ्हाइकाला परत द्यावी.

नव्या शूटिंगचा डेटा आपण किती महिने सांभाळणार, हे मात्र पावतीवरच छापून घ्यावे. बहुतेक भांडणे सहा महिन्यांनी, डिस्क पुसल्यानंतर होतात, आणि तेव्हा गिऱ्हाइकाकडे दाखवायला आपली एक ओळही नसते.