शिबिरांचा मांडव आणि वस्तीतला क्षयरुग्ण

रविवारी एखाद्या सेवावस्तीत आरोग्य शिबिर भरते. दीपप्रज्वलन होते, पाहुण्यांचा सत्कार होतो, शेकडो जणांचा रक्तदाब मोजून जीवनसत्त्वाच्या गोळ्या वाटल्या जातात. सोमवारी वर्तमानपत्रात छायाचित्र झळकते. त्याच सोमवारी, आदल्या दिवशी खोकत आलेला हमाल पुन्हा ओझी उचलायला जातो. 'छातीचा फोटो काढून घ्या' एवढेच त्याला सांगितलेले असते. तो कोठे काढायचा आणि बुडालेली मजुरी कोण भरून देणार, हे सांगायला मांडवात कोणी उरलेले नसते. सेवेच्या नावाने चाललेला हा 'उपचार' शब्दाच्या दुसऱ्या अर्थानेच उपचार आहे.

वस्तीच्या तोंडाशी दवाखाना थाटून बसलेल्या डॉक्टरांचीही यातून सुटका नाही. कोण महिनाभर खोकतो आहे, कोणी औषध अर्धवट सोडले, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. पण रुग्णाच्या घरी जायला त्यांना सवड नाही. संस्थेकडे माणसे आहेत, पण कोणत्या घरी जायचे याची माहिती नाही. दोघांमध्ये अंतर असते एका गल्लीचे, आणि ते वर्षानुवर्षे कोणी ओलांडत नाही!

या दुराव्याची किंमत क्षयरोगात प्राणांनी मोजावी लागते. क्षय हा जंतूंचा रोग खरा, पण तो वाढतो उपाशी शरीरात. २०१९ ते २०२२ या काळात डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी झारखंडमध्ये २,८०० रुग्ण व त्यांच्या घरांतील १०,३४५ माणसे यांचा अभ्यास केला. औषध आणि शिधा सर्वच रुग्णांना मिळाला. मात्र निम्म्या गटात घरच्यांनाही दरडोई दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ व जीवनसत्त्वे दिली गेली. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिधा मिळालेल्या घरांत नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, तर संसर्गजन्य क्षयाचे ४८ टक्क्यांनी घटलेले होते. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णाचे वजन ५ टक्के वाढले, त्याच्या मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. तांदूळ काही औषधाच्या चिठ्ठीवर मिळत नाही. आणि तो कोणाच्या घरी पोहोचवायचा, हे चिठ्ठी लिहिणाऱ्यावाचून कळत नाही.

'शासन देतेच की,' असे यावर ऐकवले जाते. देते, यात संशय नाही. २०१८ पासून पोषणासाठी दरमहा ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. पण ते मिळतात नोंद झालेल्या रुग्णाला, त्याच्या बँक खात्यात. २०१२ पासून ही नोंद खाजगी डॉक्टरांवरही बंधनकारक आहे. तरीही जो रुग्ण नोंदलाच जात नाही, त्याचे काय? २०२२ पासून 'निक्षय मित्र' होऊन संस्थांना रुग्णांचे पालकत्व घेता येते. तेथेही धान्याचे पाकीट हाती ठेवताना छायाचित्रकार हजर असेल, तर आजार लपवू पाहणारी सासुरवाशीण पुढे येईल कशी?

कार्यकर्त्यांच्या हाती रुग्ण सोपवणे धोक्याचे, ही डॉक्टरांची शंका गडचिरोलीने केव्हाच फोल ठरवली आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत साध्या गावकरी स्त्रियांना नवजात बालकांची शुश्रूषा शिकवली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. तेथे डॉक्टर दूर सरले नव्हते. शिकवायला आणि देखरेखीला तेच उभे होते.

तेव्हा प्रत्येक सेवावस्तीत एक दवाखाना आणि एक संस्था यांची कायमची सांगड घातली गेली पाहिजे. डॉक्टरांनी नोंद करावी आणि रुग्णाच्या संमतीने नाव संस्थेला कळवावे. कार्यकर्त्याने वजनकाटा घेऊन दर पंधरवड्याला घरी जावे, गोळ्या मोजाव्यात, शिधा गाजावाजा न करता पोहोचवावा आणि वजन घटताच डॉक्टरांना सांगावे. पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न उरतो. मांडव, फलक आणि हारतुऱ्यांवर वर्षभरात जे खर्ची पडते, त्यात किती घरांचा सहा महिन्यांचा तांदूळ-डाळ बसतो, हे संस्थांच्या कोषाध्यक्षांनी पुढच्या बैठकीत मांडावे.