नावेत बसण्यापूर्वी

नौकाविहार कोणाला आवडत नाही? शाळेची सहल महाबळेश्वरला गेली, की वेण्णा तलावावर मुलांची झुंबड उडते. मुंबईची मुले गेटवे ऑफ इंडियाहून लाँचने घारापुरीची लेणी पाहायला जातात. हा आनंद मुलांना मिळायलाच हवा. पण या आनंदाचे काही नियम आहेत. ते पाळणे ही एकट्या नावाड्याची जबाबदारी नाही, असे मला वाटते.

१८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात सहलीची नाव उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका यांचा मृत्यू झाला. तो खवळलेला समुद्र नव्हता. शहरातला तलाव होता. पण नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि सर्वांच्या अंगात जीवरक्षक जाकिटे नव्हती. नाव जड झाली की पाण्यात खोल बसते, तिचा काठ पाण्याजवळ येतो. अशा वेळी सगळे एका बाजूला सरकले, की ती कलंडते.

“मला पोहता येते, मग जाकीट कशाला?” असे काही मुले विचारतात. पण अचानक पाण्यात पडलेला माणूस घाबरतो. त्याचे कपडे भिजून जड होतात. कधी डोक्याला मार लागतो. मग चांगला पोहणाराही बुडू शकतो. म्हणून नाव सुटण्यापूर्वीच जाकीट घालून त्याचे पट्टे बांधावेत. बाकाखाली ठेवलेले जाकीट काय कामाचे?

आपल्या जिवाप्रमाणे पाण्यातल्या जिवांचाही विचार करायला हवा. ठाण्याच्या खाडीत दरवर्षी हजारो रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, येतात. ओहोटीच्या वेळी ते चिखलात अन्न शोधतात. फोटोसाठी नाव त्यांच्या अगदी जवळ नेली, की सारा थवा उडतो. आपल्याला ते दृश्य सुंदर वाटते. पण पक्षी उपाशी राहतात आणि त्यांची शक्ती वाया जाते. म्हणून नाव दूर ठेवावी, आरडाओरडा करू नये. खाऊची रिकामी पिशवी पाण्यात न टाकता परत आणावी.

कोणी म्हणेल, “नावाडी गरीब आहे. चार माणसे जास्त बसली, तर त्याला चार पैसे मिळतील.” त्याची गरज खरी आहे. पण एक अपघात झाला, की त्या ठिकाणचा नौकाविहार बंद होतो आणि सर्वच नावाड्यांची रोजी बुडते. नियम त्याच्याही भल्याचेच आहेत.

मोठ्यांसमोर बोलायला मुलांना संकोच वाटतो. तरीही “सर, नाव भरली आहे. आम्ही पुढच्या नावेने येतो,” असे नम्रपणे सांगणे हा उद्धटपणा नाही. ते धैर्याचे काम आहे. थोडा वेळ काठावर थांबावे लागेल, एवढेच. पुढची नाव येईलच.